मैनेचा नाच म्याच सोडवला

मी ईटचा, भूम तालुक्यातला. शाळा दुसरीपतुर. वडील टांगा हाकायचे, त्यांच्या मांडीवर बसूनच लगाम धरायला शिकलो, पुढं जीपा आल्या, टांगा गेला, पर दावणीला घोडं न्हाय असा दिवस म्या घरात येऊ दिला न्हाय. लोक म्हणायचे, आबा, म्हैस घ्या, दूध तरी देईल. म्हणलं, म्हशीवर नवरदेव बसंल का?

तर ही मैना, वरातीची घोडी. काय सांगू तुम्हाला तिचा नाच, हलगी कडाडली की पुढचे पाय उचलून ताल धरायची, नवरदेवाचा तुरा हलायचा पर नवरदेव हलायचा न्हाय. म्याच शिकवलं व्हतं. परंड्यापासून कळंबपतुर अशी दुसरी नव्हती, कुणी व्हती म्हणलं तर त्याला इथं घेऊन या.

मग ताई आल्या. ताई म्हंजे लेकरांना व्यायाम देणाऱ्या डॉक्टरीण, ऐतवारी गावात येतात. आमच्या गल्लीतल्या सुनीताचा ओंकार, त्याला अंगातले स्नायू हळूहळू कमजोर व्हत जायचं दुखणं, जन्मापासूनचं. चालताना टाचा टेकायच्या न्हाईत, आन् खाली बसला की स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवून, शिडी चढल्यागत उठायचा. ताई म्हणल्या, आबा, घोडी चालताना तिची पाठ हलते, तशीच माणसाची कंबर चालताना हलते, खोगीर न टाकता पोराला वर बसवलं तर त्याच्या कंबरेला, पाठीला काम मिळतं, मांड्या मोकळ्या व्हतात. म्या विचारलं, बरा व्हईल का? न्हाय, म्हणल्या. तोंडावर सांगितलं, म्हणून तर मला बाई पटली. बरं व्हत न्हाय आबा, पर ताठ बसणं जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचं.

शाळेच्या मैदानात मैनेवर जाड घोंगडी टाकायची, मी पुढं लगाम धरून, एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला सुनीता. पहिल्या दिवशी पोरगं आयाळ सोडीना, आन् महिन्यात मलाच हुकूम, आबा, चाला की, म्हातारे झालात का? म्हणलं, उतर खाली, दाखवतो. थकू मात्र द्यायचं न्हाय, थकवा आला की उलटं नुकसान, असं ताईंचं सांगणं, म्हणून चेहरा उतरला की मी घोडी उभी करायचो.

ताईंनी एकदा बजावलं, आबा, लग्नातला नाच आन् लेकरं, दोन्ही जमायचं न्हाय. म्हणलं, पाठीवर कोण हाय ते मैनेला कळतं. मी कुणाचं ऐकतो व्हय? मग एका ऐतवारी कुणाचा तरी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, शाळेच्या मैदानाजवळनं, हलगी कडाडली आन् मैनेनं पाय उचलले. ओंकार मागं कलंडला. ताईंनी झेलला, खरचटलंबी न्हाय, पर सुनीतानं त्याला छातीशी धरलं आन् म्हणाली, आबा, आता बास, याचं हाड मोडलं तर हा परत उभा राहायचा न्हाय. तिचं खरं व्हतं. मैनेचंबी खोटं नव्हतं, तिला शिकवलं तेच तिनं केलं.

मग म्या हलगीवाला किसन बोलावला. वाजव म्हणलं. तो वाजवायला लागला की मी गूळ घेऊन मैनेपुढं उभा, पाय भुईला तर गूळ तोंडात, पाय उचलला की गूळबी बंद, हलगीबी बंद. आधी लांबनं, मग जवळनं, मग कानापाशी. पारावरनं लोक हसायचे, आबा, लग्नसराई तोंडावर आली आन् चांगली घोडी नासवताय? घरात आमची म्हातारी म्हणायची, ती तुमच्यासारखीच हेकट हाय, तुम्ही कधी काय सोडलंय का जन्मात? किसनानंबी एकदा हलगी खाली ठेवली, आबा, असला नाच मोडायचा म्हंजे माझ्या हाताला पाप लागंल. म्हणलं, पाप माझ्या नावावर, तू वाजव. खोटं कशाला बोलू, पाय थांबला त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाय.

मैनेला आन् किसनाला घेऊन सुनीताच्या दारात गेलो, म्हणलं, आधी बघ, मग न्हाय म्हण. ती माझ्यापरीस हेकट निघाली. किसनाच्या हातातनं हलगी घेतली, मैनेच्या कानापाशी स्वतः बडवली, मग म्हणाली, आता तुम्ही बसा वर. ह्या वयात! बसलो. ती बडवत राहिली, मैनेचे कान हलले, पाय हलला न्हाय. सुनीतानं हलगी किसनाच्या हातात परत दिली. मग वळून हाक मारली, ओंकार, चल रे.

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ओंकारचं चालणं थांबलं, खुर्चीत असतो. ते थांबणारच व्हतं, मला आधीच सांगितलं व्हतं, तरी त्या महिन्यात मी मैनेच्या दावणीपाशीच बसून राहायचो. पर ऐतवारी आमी उचलून मैनेवर ठेवला की पोरगं ताठ. सोनारी गावाकडचीबी अशीच लेकरं येतात. वरातवाले अजून विचारतात, मी म्हणतो, गाडी सजवा, घोडी कामाला हाय.

परवा ताई म्हणल्या, पुढं बसणंबी अवघड जाईल, तवा घोडीवर पालथं झोपवून चालवू. ओंकार म्हणाला, तवाचं तवा, आज मला बसायचंय. माझंबी तेच म्हणणं. भैरवनाथ तुमच्या लेकराबाळांना सुखात ठेवो. उठतो आता, ऊन चढायच्या आत त्याला वर बसवायचंय, न्हायतर मलाच म्हातारा म्हणंल.