डोमाजींच्या धुऱ्यावरचा शेप्या

जबाब
दि. ११ ऑगस्ट २००६

मी, कौशल्या किसनराव ढोकणे, वय ४३ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे पिंपळटेक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी पती किसनराव व मुलगी अपेक्षा यांच्यासह राहत होते. अपेक्षा बारावीत शिकते. माझे दीर खुशालराव शेजारच्या घरात राहतात. माझे पती सोमवारी दुपारी मयत झाले. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात माझा जबाब झाला. त्या वेळी विचारलेल्या प्रश्नांना बहुतेक उत्तरे खुशालरावांनी दिली. मी बाकावर बसून होते. त्या जबाबात माझ्या पतीने नापिकीला कंटाळून जीव दिला असे लिहिले आहे. खालची सही माझी आहे, परंतु मजकूर खरा नाही. तो दुरुस्त व्हावा म्हणून मी आपणहून आले आहे. पतीचा दहावा अजून व्हायचा आहे, तोवर बाईने घराबाहेर पडू नये असे घरच्यांचे म्हणणे होते. तरी आले.

माझ्या पतीला अंगणात आंबे लावण्याचा नाद होता. न्हाणीचे पाणी जाते त्या बाजूला त्यांनी मागच्या वर्षी केसरचे कलम लावले. ते अपेक्षाच्या हट्टावरून आणले होते. त्याआधी दशहरी लावला होता, तो उन्हाळ्यात गेला. पतीचे म्हणणे असे की, विकतचे कलम आपल्या काळ्या मातीत रुसते, पाणी साचले की त्याचे मूळ सडते. म्हणून त्यांनी घरीच गावठी कोयी लावून रोपे तयार केली होती. त्यावर आपल्या पसंतीच्या झाडाची काडी बांधायची, असे त्यांनी ठरवले होते. कोणत्या झाडाची, यावर आमच्या घरी पुष्कळ दिवस बोलणे चालले. अपेक्षा म्हणाली, "बाबा, केसरचीच बांधा. पाहुण्याले देता येते." मी म्हणाले, लोणच्याचा एखादा असू द्या. पती म्हणाले, "लोनच्याचा आंबा कोनीबी देते. रसाचा कोन देते?"

रसाचा म्हणजे डोमाजी यांच्या शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा, शेप्या. त्याच्या रसाला शेपूसारखा वास येतो, म्हणून गावात त्याला शेप्या म्हणतात. आंबा लहान असतो, दिसायला काही नाही. माझे लग्न झाले त्या वर्षी सासूबाईंनी त्याच झाडाच्या आंब्याचा रस केला होता. मी एकटीने किती वाट्या घेतल्या ते पती लोकांना सांगत असत. ते खोटे नव्हते.

डोमाजींनी ते झाड लाकडासाठी एका ठेकेदाराला दिले. दोन वर्षे कापसाने हात दिला नाही, त्यामुळे गावात अनेकांनी धुऱ्यावरची झाडे दिली, त्यात डोमाजींना वेगळा दोष नाही. हे कळल्यापासून पतीचे घरात लक्ष नव्हते. ते जेवताना उठून अंगणात जात, रोपांचे शेंडे पाहत आणि परत येऊन बसत. मी त्यांना बोलले की, एवढं काय आहे त्या आंब्यात.

मूर्तिजापूरला गाद्या भरण्याचे काम करणारे गयासुद्दीन हे पतीचे जुने स्नेही आहेत. त्यांना कलम बांधता येते. त्यांनी पतीला सांगितले होते की, काडी तशीच तोडून आणली तर धरत नाही. आधी झाडावर चढून चांगल्या काड्या निवडायच्या, त्यांची पाने छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. आठवडाभराने देठ हात लावताच गळतात आणि टोकाचा डोळा फुगतो, तेव्हा काडी कापायची. पती त्याप्रमाणे आदल्या आठवड्यात झाडावर चढून पाने छाटून आले होते. घरी आल्यावर त्यांच्या हातांना चीक लागलेला होता. तो मी गोडेतेलाने काढला.

सोमवारी सकाळपासून पाऊस होता. दुपारी थोडी उघाड झाली तेव्हा पती चाकू, ओले फडके आणि बैलाचा कासरा घेऊन निघाले. कासरा कशाला, असे मी विचारले. ते म्हणाले, "वरची फांदी ओढून धरा लागते. हात पुरत नाई." मी म्हणाले, झाड ओलं आहे, उद्या जा. ते म्हणाले, "उद्या झाड राह्यते का नाई, कोन सांगाव?" आणि गेले. त्यांचे जेवण मी झाकून ठेवले होते.

त्यानंतर डोमाजींचा गडी पळत आला. मी गेले तेव्हा माणसे जमली होती. पती झाडाखाली पडलेले होते. कासरा वर फांदीला होता. त्याच्याजवळची दुसरी फांदी मोडून लोंबत होती. लोकांनी कासरा पाहिला. गेल्या वर्षभरात आमच्या भागात जे जे घडले, त्यामुळे कासरा दिसल्यावर कोणी आणखी वर पाहिले नाही. पतीच्या सदऱ्याच्या आत ओल्या फडक्यातले पुडके होते. ते पोलिसांनी ताब्यात घेतले. ते कशाचे आहे हे मला कोणी विचारले नाही, आणि मीही त्या वेळी सांगू शकले नाही.

खुशालरावांबद्दल विचारल्यावरून सांगते की, त्यांच्या मनात वाईट नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते मला म्हणाले, "वयनी, मानूस तं गेला. आता पोरीचं पाहा. असं लिवलं तं सरकार मदत देते, तसं लिवलं तं कोनी पुसत नाई." ते स्वतः रडत होते. काल त्यांनी पुन्हा हेच सांगितले. मी म्हणाले, "भाऊजी, तुमचा भाऊ मराले गेला नव्हता. आंबा आनाले गेला होता." ते म्हणाले, "आंब्यासाठी मेला, असं सांगसान लोकायले?" मी म्हणाले, "हो." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

कर्जाबद्दल विचारल्यावरून सांगते की, सोसायटीचे सगळ्यांचे आहे तसे आमचेही आहे. त्यापायी पतीची झोप गेली नव्हती. शेप्यापायी गेली होती.

काल आपल्या ठाण्याचे जमादार माझ्या विनंतीवरून झाड पाहण्यास आले. सोबत गयासुद्दीनभाई होते. पाने छाटलेल्या सगळ्याच काड्या पतीने कापलेल्या नाहीत, काही वर असतील, असे त्यांचे म्हणणे होते. खालून काही दिसत नव्हते. जमादार म्हणाले, उद्या शिडी मागवू. ठेकेदाराची माणसे करवत घेऊन धुऱ्यावर बसलेली होती. तेवढ्यात अपेक्षाने ओढणी कमरेला बांधली आणि ती चढू लागली. मी तिला अडवले नाही. ती खाली येईपर्यंत मी बुंध्याला हात लावून उभी होते. तिने पानांचे देठ तेवढे राहिलेली एक काडी तोडून आणली. जमादारांनी देठाला बोट लावले तर तो गळून पडला. गयासुद्दीनभाई म्हणाले, "देखो सायेब. ज्याले जीव द्याचा हाय, तो आठ दिवस आधी येऊन पानं छाटून जाते का?" जमादारांनी ती काडी कागदात घेतली आणि मोडलेली फांदीही पाहून लिहून घेतली.

आज आपण पतीजवळ मिळालेले पुडके पंचांसमोर उघडले. फडके वाळले होते. त्यात काड्या होत्या, पतीने टोके एका बाजूला करून त्या नीट रचलेल्या होत्या. गयासुद्दीनभाईंनी नखाने साल खरवडून पाहिली. बऱ्याच काळ्या पडल्या आहेत. थोड्या आतून हिरव्या निघाल्या. आपण एक काडी पुराव्यासाठी ठेवून बाकीच्या मला ताब्यात दिल्या. त्या मिळाल्याची सही मी वेगळी केली आहे. त्या धरतील की नाही, असे आपण विचारले. गयासुद्दीनभाई म्हणाले, आज बांधल्या तर सांगता येईल, उद्या बांधल्या तर नाही. आमच्या अंगणातली गावठी रोपे ते सायकलवर बांधून घेऊन आले आहेत.

माझ्या पतीच्या मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही. ते कलमाच्या काड्या काढताना ओल्या झाडावरून पडून मयत झाले. शेतकरी आत्महत्या म्हणून त्यांचे नाव कुठे गेले असल्यास ते काढावे. त्याखाली मिळणारी मदत मला नको. हे मी मुलीला विचारून सांगत आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. मी तो पुरता ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. खाली सही करते. मला आता जाऊ द्यावे, गयासुद्दीनभाई काड्या घेऊन बाहेर उन्हात उभे आहेत.

(सही) कौशल्या किसनराव ढोकणे