उघडी ओळ

यतिन : अगं, सगळंच अडकलंय. मंडळाची आजच्या फोनची यादी रिकामी करायला घेतली, तर पुसायची कमांड, ते ट्रंकेट, नुसतं थांबून राहिलंय. व्हॉलंटियर्सच्या स्क्रीनपण फ्रीझ. लॉकडाउनमध्ये एकटी पडलेली माणसं फोनची वाट बघतायत, यार.

तेजश्री : आख्खं टेबल एका फटक्यात पुसायचं, तर ते एकट्याच्या ताब्यात यावं लागतं. आत कुणी नुसतं वाचत असलं, तरी त्याचं लॉक सुटेपर्यंत तू दाराशी ताटकळणार. आणि तुझ्यामागे बाकीचे.

यतिन : मग आत कोण आहे ते बघ ना.

तेजश्री : बघते. उल्हास.

यतिन : तेजश्री, प्लीज.

तेजश्री : मी नाव वाचलं, मत दिलं नाही. त्याचा लॅपटॉप कुठे आहे?

यतिन : इथेच, टूनगॅबीला माझ्या घरी, कपाटात. हॉस्पिटलमधून आला तसा पिशवीत. चार्जरपण नाही.

तेजश्री : म्हणजे त्याचं खातं दुसरं कुणीतरी वापरतंय. तू ते बंद केलं नाहीस.

यतिन : हात धजला नाही. तेरावा तर परवा झाला त्याचा.

तेजश्री : माणूस गेला म्हणून पासवर्ड जात नाही. याचा इतकाच अर्थ आहे.

यतिन : मग सेशन मारून टाक.

तेजश्री : थांब. एकच ओळ धरून ठेवली आहे. लता, हॅरिस पार्क. दुपारी फोन उचलला नाही.

यतिन : ही त्याचीच ट्रिक. कुणी फोन उचलला नाही की त्याची ओळ उघडी धरून बसायचा. माणूस सापडेपर्यंत कुणाला यादी पुसता येऊ नये म्हणून. किती शिव्या घातल्यात मी त्याला.

तेजश्री : मीही. तू लाइनवर राहा, त्यांचा मोबाइल जोडते.

लता : हॅलो?

तेजश्री : काकू, मंडळातून तेजश्री बोलतेय. बऱ्या आहात ना?

लता : धाप लागलीय गं... दारापर्यंत जाववत नाही. तुझा फोन येईल, म्हणालाच तो.

तेजश्री : कोण?

लता : उल्हास. घरच्या फोनवर आहे ना... म्हणतो, घाबरू नका, कुणी येईपर्यंत धरून ठेवतो.

तेजश्री : काकू, आता बोलू नका. यतिन, तू त्यांच्याजवळ राहा. मी ट्रिपल झीरोला फोन करून अँब्युलन्स बोलावते.

(तासाभराने. आपला आवाज स्थिर आहे, एवढं तेजश्रीने तपासून घेतलं.)

यतिन : नेलं त्यांना. दार तोडावं लागलं, पण शुद्धीत आहेत. आणि अँब्युलन्सवाले दारात पोचले तेव्हाच टेबल रिकामं झालं. तू मारलंस ना सेशन?

तेजश्री : नाही.

यतिन : मग नोंदीत काय लिहू?

तेजश्री : लिही, वाचणाऱ्याने लॉक स्वतःहून सोडलं. आपल्याला ठाऊक आहे ते तेवढंच.