ताईंनी प्रोसेसर बदलला तेव्हा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंच्या सासूबाई आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

दृष्टी गेलेल्या वाचकांसाठी आपण बोलकी पुस्तकं करतो. मी वाचते, माझं खोकणं, अडखळणं ताई कॉम्प्युटरवर कापून काढतात. आज निवृत्त होणाऱ्या ताईंबद्दल बोलायला रांग मोठी आहे, म्हणून एकच प्रसंग सांगते.

आपल्या एका श्रोत्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांचा फोन आला, "भूल देण्याआधी खुनी कोण ते मला कळायलाच हवं!" रहस्यकथेची शेवटची प्रकरणं राहिली होती आणि आपला जुना कॉम्प्युटर सारखा मान टाकत होता. नव्याला मंजुरी हवी. मंजुरीबद्दल मी बोलत नाही, अध्यक्ष महोदय. आज आनंदाचा दिवस आहे.

ताईंनी जुन्या कॉम्प्युटरातच बसेल असा, पण जास्त वेगवान प्रोसेसर आणला. कॉम्प्युटरचा मेंदूच म्हणा ना! कॉम्प्युटरचं खोकं घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर उघडलं. मीही होते. वरचा पंखा उचलला, तर मध्ये उष्णता ओढून घ्यायला लावलेली पेस्ट वाळल्यामुळे जुना प्रोसेसर त्याला चिकटूनच उपटून आला. त्याच्या केसासारख्या पिना वाकल्या. "जाऊ दे, आता याचं काय काम?" म्हणत ताईंनी नवा बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच.

मग उलगडा झाला. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डातला, कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम इतका जुना, की तो नव्याला ओळखतच नव्हता. प्रोग्रॅम बदलायचा तर आधी जुनाच प्रोसेसर बसवायला हवा. तोच, वाकलेला! ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंचा जन्म शिवणकामात गेलेला. त्यांनी सुई घेतली. "आण इकडे. आणि दोघींनी अजिबात बोलायचं नाही."

"आई, एखादी पिन तुटली तर?"

"तर तुझ्या हातून तुटली म्हणून सांगू."

एकेक पिन सरळ झाली. जुना चालला, प्रोग्रॅम बदलला, मग नवा बसला, आणि पडदा उजळला! सासू-सुनेनं अशी काही टाळी दिली, की शेजारीण विचारायला आली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुस्तक पोचलं. बरे झाल्यावर आजोबांचा फोन: "खुनी मी तिसऱ्या प्रकरणातच ओळखला होता!"

मी वैतागले. ताईंनी मात्र डोळे पुसले आणि हसल्या. "भांडतायत म्हणजे ठणठणीत आहेत. आता त्यांना चकवेल असं पुस्तक शोध."

ताई, शोध अजून चालू आहे. तुमचे आणि सासूबाईंचे मनापासून आभार. सभागृहाला एकच विनंती: माझं चुकलंमाकलं आजवर ताई कापत आल्या, आज त्या पाहुण्या आहेत, तेव्हा तेवढं तुम्हीच कापून घ्या.