आंब्याखालचं जायफळ

—नाई नाई, आंब्याचं निमित्त सांगू नका भाऊ. लाकूडवाले म्हणवता, अन् नजर तं तुमची खाली गेली, त्या लहान्या झाडावर. जायफळ आहे थे. झालं समाधान? सारा गाव चोरून पाहाले येते—वऱ्हाडात जायफळ, अन् थे बी माह्या, गोदाबाई माळणीच्या मळ्यात—हरएकाले वाटते, एक फळ कनवटीले लावलं, घरी नेऊन पेरलं का झालं. पेरा ना. कुठं पेरसान? काळ्या मातीत? आमचे मालक बी तसंच म्हणाले होते, वारले आता—लमाणांच्या तांड्यासंग कोकणातून रोपं आणवली, म्हणे जिथं कपाशी कंबरभर होते तिथं हे काहून नाई होणार? पावसाळ्यात पाणी तुंबलं, एकाची मुळं सडली. दुसरं तगलं, तं उन्हाळ्यात जमीन भेगाळली अन् मुळंच तुटली. मंग एक चिखलदऱ्याले नेलं, उंचावर, थंडाव्यात—माघातल्या वाऱ्यानं काळं पडलं. याले ऊब पायजे अन् कडक ऊन नाई पायजे. असं लाडाचं झाड कोण पोसते, सांगा?

म्या पोसलं. हसता काहून? शेवटचं रोप होतं. मालक गेल्यावर हा खड्डा खणला, काळी माती काढून फेकली, नदीचा गाळ अन् कुजलेला पाला भरला, विहिरीचा पाट जरा दुरून फिरवला—अन् जागा धरली या आंब्याच्या बुडाशी. सकाळचं कोवळं ऊन घेते, दुपारचं आंबा झेलते. यंदा पहिल्यांदा फळलं. आंबा नसता तं एका वैशाखात जळून गेलं असतं—हे कोणाले सांगायचं नसते, पण तुमी उगाच आंबा आंबा करून राहिले म्हणून निघालं तोंडातून. घरात एका सूर्यभानले ठाऊक, माह्या पोराले. त्याले कपाशीशिवाय काई दिसत नाई आजकाल—सातासमुद्रापार लढाई जुंपली म्हणे, कपाशीले सोन्याचा भाव आला, म्हणून इथं लोक तुळशीच्या ओट्यापर्यंत कपाशी पेरून राहिले. मले म्हणे, मळा मोडू. म्या म्हटलं, मी मेल्यावर मोड. पण जीव आहे हो त्याचा झाडावर. परवा जेवता जेवता आपणहून विचारलं त्यानं, आई, आंबा नसला तं हे किती दिवस तगन? मले इतकं बरं वाटलं. बसून सारं सांगितलं त्याले.

दोरी काहून काढली? बुंधा काहून मापता?

कोणानं? सूर्यभाननं? कधी विकला?

म्हणजे तुमी खरंच आंब्यासाठी आले.

—नाई, पाणी नाई पायजे मले. जायफळाले हात नाई लावला त्यानं, मायचं झाड म्हणून. ऊन जाळन त्याले, अन् हा म्हणन, आई, मी काय करू.

जा भाऊ. गाडी बाहेर घ्या मळ्याच्या. सूर्यभानले सांगा, आई आंब्याखाली बसली आहे. कुऱ्हाड घेऊन त्यानं यावं, तुमी नाई.