पयला पाऊण फेरा मोकळा

आवं, मला काय हौस हुती व्हय नट बदलायची? तुमीच सांगा! सतरा वर्सं त्यो नट झिजत हुता, मीबी झिजत हुतो, दोगांचं बरं चाललं हुतं, कुणाची कुणाबद्दल तक्रार न्हाई… आन मधीच हे लालासाहेब सुभेदार उपटलं!

थांबा. नीट सांगतो. मी सावकाश माणूस हाय, मला घाई केली की मी मागं जातो.

कवठे महांकाळात माझी लाकूड चिरायची मशिन हाय. गोल करवत गरगर फिरती आन तिच्या शेजारी लोखंडाची एक आडपट्टी उभी. करवत आन पट्टी ह्यांच्यात जेवढी फट, तेवढी जाड फळी निघती. आता ती पट्टी सरकवायची कशी? तर चाक फिरवून. चाकाला आट्यांचा लांबलचक दांडा, दांड्यावर पितळंचा नट, आन नट पट्टीला जखडलेला. चाक फिरलं की दांडा फिरतो, दांडा फिरला की नट सरकतो, नट सरकला की पट्टी. लय सरळ काम! पण नटाचं आटं झिजल्यालं. त्यामुळं मागं नेलेली पट्टी पुढं आणायला चाक फिरवावं, तर ते फिरतंय… फिरतंय… आन पट्टी आपली सासुरवाडीला आलेल्या जावयावानी, जागची हलत न्हाई! पयला पाऊण फेरा मोकळा. मग कुठं तिला जाग येणार.

आन मला, तुमाला सांगतो, आकडं वाचता येत न्हाईत. मी शाळंत गेलो न्हाई, शाळाबी माझ्याकडं आली न्हाई. टेपावरच्या त्या मुंग्या मला समद्या सारख्याच. मी फेरं मोजतो. पट्टी करवतीपासनं पार मागं खुंटीला टेकवायची आन तिथनं चाक फिरवत करवतीकडं आणायची. पाटाच्या फळीला इतकं फेरं, खाटंच्या फळीला तितकं, दाराच्या फळीला बारा. त्या बारातला पयला पाऊण मोकळा, ह्यो हिशोब माझ्या डोक्यात न्हाईच मुळी, हातात हाय! अंधारात जेवताना घास तोंडातच जातो न्हवं? कानात जातो का? तसं.

तर लालासाहेब. एकाहत्तरची लढाई मारून पेन्शनीत आल्यालं, मळ्यात नवं घर बांधल्यालं, आन त्या घराच्या दारासाठी शिसवाचा ओंडका गाडीत घालून आलं. झाड त्यांच्या वडलांनी हातानं लावल्यालं, वादळात पडलं. म्हणालं, "आण्णा, वडील गेलं, झाड बी गेलं. आता ह्याचं दार करा. रोज घरात शिरताना वडलांच्या पाठीवर हात पडल्यावानी वाटंल." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं बगा. आता एवढ्यावर थांबावं का न्हाई माणसानं? पण न्हाई! नजर गेली चाकावर, फिरवून बगितलं…

"आण्णा! ये क्या है? फोकट में घूम रहा है!"

म्हटलं, "सायेब, पयला पाऊण फेरा मोकळा असतोय."

"मोकळा? माझ्या रायफलीचा घोडा असा मोकळा असता, तर मी आज हितं उभा असतो व्हय? नट बदला! मगच माझ्या शिसवाला करवत लागंल!"

मी म्हणणार हुतो, सायेब, असू द्या, मला सवय हाय… पण माझं तोंड उघडंस्तवर सुभेदार रस्त्याला लागल्यालं. माझं बोलणं बी तसंच. पयला पाऊण फेरा मोकळा.

गेलो सांगलीला. यष्टीनं, नट धोतराच्या सोग्यात बांधून. तिथं गुंडा नावाचा लेथवाला. त्येनं नट उजेडाला धरला, एक डोळा मिटून आरपार बगितलं, आन म्हणतो कसा, "आण्णा, ह्यात आटं कुठं हायत? ही बांगडी झाली! म्हातारीच्या हातात घाला." म्हटलं, नवा कर बाबा. म्हणाला, "ओतून आटं पाडून देतो, पण पितळ तुमी आणा. जुनं, चांगलं, खणखणीत!"

आता जुनं, चांगलं, खणखणीत पितळ माझ्या घरात एकच. आमच्या चंद्राबाईची माहेरची कळशी.

घरी आलो. म्हटलं, "अगं…"

"न्हाई!"

"अगं, मी अजून काय म्हणलोच न्हाई!"

"कळशीकडं बगत बगत अगं म्हणलासा. न्हाई म्हंजे न्हाई!"

झालं. मिटलं. मी मनातनं खूश! पण दुसऱ्या दिशी सुभेदार जातीनं आलं, "मावशी" म्हणून तिच्यापुढं बसलं, आन वडील, झाड, दार, समदं पयल्यापासनं सांगितलं. हिनं पदरानं डोळं पुसलं, आन त्याच पदरानं कळशी बी पुसली आन दिली! मला म्हणाली, "न्या. पण माझ्या कळशीला नीट वागवा."

नट आला. काय त्याचा रंग, काय त्याची चकाकी! चाकाला नुसतं बोट लावावं, की पट्टी हालली! फौजेतल्या जवानावानी, हुकूम आला की पाऊल पुढं! गावातनं माणसं बगायला आली. चंद्राबाईनं नटाला हळदी-कुंकू लावलं. नारळ फोडला, शिसवाचा ओंडका चढवला, पट्टी खुंटीला टेकवली, आन मोजलं. बारा! मग काय, फळीवर फळी, फळीवर फळी, आख्खा ओंडका एका दमात संपवला. जन्मात असलं सरळ काम झालं न्हवतं.

संध्याकाळी सुभेदार टेप घेऊन आलं. एक फळी मापली. दुसरी मापली. तिसरी मापली.

"आण्णा… दीड सूत कमी."

आता दीड सूत म्हंजे किती? करंगळीच्या नखाची निम्मी रुंदी. पण दाराला ती लय झाली. म्हटलं, "कुठली फळी, सायेब?"

"समद्या!"

आन तवा माझ्या ध्यानात आलं. तुमच्या कवाच आलं असंल, मला उगं बोलू देताय! आवं, नटातला मोकळा पाऊण फेरा गुंडानं काढला… पण माझ्या हातातला कोण काढणार? मशिन सुधारली, म्हणून फळ्या बिघडल्या! हाय का कुठं असला न्याय?

सुभेदारांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फळ्यांवरनं नुसता हात फिरवत बसलं. मग म्हणालं, "ह्या पातळ फळ्यांचं काय हुतंय, आण्णा?"

म्हटलं, "कपाट हुतंय, सायेब. झ्याक हुतंय."

"मग करा कपाट. थोरल्या माणसानं दारात तरी किती दिस उभं ऱ्हायचं? आत येऊन बसू द्या वडलांना."

तर आता जावा बगायला मळ्यात! आत शिसवाचं राजेशाही कपाट, आन दाराला पत्रा!

मी बी हाताला लय शिकवलं. लाडानं सांगितलं, रागं भरलो. ऐकतोय व्हय ह्या वयात? शेवटी धोतराच्या सोग्यात परत आणल्याली ती बांगडी, म्हंजे जुना नट, सोडली, आन बसवली परत. आता फळ्या कशा चोख निघत्यात! आन नवा नट? त्यो चंद्राबाईनं काढून नेला, कळशीच्या जागी मांडलाय. रोज सकाळी चिंच लावून घासती, माझ्याकडं बगती, आन डालड्याचा डबा दणकन माझ्याम्होरं आपटती. पाणी आता त्यातनंच येतंय न्हवं, आन आणायचं मीच!

आत्ताच हाक आली, "आवं, पाणी संपलंय, उठताय न्हवं?" म्हटलं, "उठतो गं."

"उठतो म्हणून किती येळ झाला!"

आता ह्या बाईला कसं समजवायचं, तुमीच सांगा… पयला पाऊण फेरा मोकळाच असतोय!