बाई इथे नाहीत

—अहो तार, तार! पाय उचला दादा, पाय. दिसत नाही म्हणजे काय, ती बारीकच असते. हां. आता डावीकडून या, त्या काठीला धक्का लावू नका. मासे धरायची काठी आहे ती, बरोबर ओळखलंत, पण मासे नाही धरत मी इथे. बसा. आधी श्वास घ्या. मॅनेजरने पाठवलं ना? वाटलंच. कालच कामावर लागलेला ड्रायव्हर, त्याला डोंगर चढायला लावायचा, आणि स्वतः हॉटेलचा जिना चढताना मध्येच कठड्यावर टेकायचं! काय म्हणालात? बाई? छे हो, बाई नाहीत इथे. आमच्या बाई आणि डोंगर! स्टेजच्या पायऱ्या चढायला त्यांना हात द्यावा लागतो. मी एकटीच आहे, सकाळपासून, अगदी एकटी— हा गॉगल? माझाच. ती टोपीसुद्धा माझीच. दोन टोप्या असू नयेत का माणसाला? एक चढताना, एक उतरताना.

चहा घ्या. घ्या हो, थर्मास भरलेला आहे, घाई कसली? साउंड चेकला वेळ आहे अजून, आणि सुरू झाला तरी पहिला तासभर तो ड्रमवाला एकटाच बडवत बसतो. फोन बंद आहे माझा, हो. वर आलं की मी बंदच करते. कारण हे आहे ना, हे— रेडिओ. गाणी नाही लागत याच्यावर. बोलायचा रेडिओ, हौशी लोकांचा. चोरीचं काम नाही, परीक्षा देऊन परवाना काढलाय मी. डोंगराच्या डोक्यावर बसायचं, त्या काठीला तार ताणायची आणि हाक मारायची— कोणी आहे का, कोणी आहे का? मग कुठून तरी, चार डोंगर पलीकडून, कोणीतरी म्हणतं, आहे, ऐकतोय, तुमचा आवाज असा असा येतोय. आपण म्हणायचं, तुमचा असा असा येतोय. आभार. संपलं. पुढचा. हो, एवढंच. एवढ्यासाठीच चढते. हसा, हसा, मोकळेपणाने हसा, माझा भाऊपण असाच हसतो.

पण दौऱ्यावरच्या माणसाचं तुम्हाला आता कळेलच. रोज नवं गाव, पण गाव दिसतं कुठे? हॉटेलची खोली, गाडीची खिडकी आणि हॉलचं मागचं दार. सगळे हॉल मागून सारखेच— एक मोडकी खुर्ची, एक आरसा, त्याच्या भोवतीचे निम्मे दिवे गेलेले. मी अकॉर्डियन वाजवते. म्हणजे भरलेली बॅग छातीला बांधायची, संपूर्ण कार्यक्रमभर तिला ओढायचं-दाबायचं, आणि लोक बघणार गाणाऱ्या बाईंकडे. बघावंच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दुपार रिकामी असते ना. बाकीचे लोळतात, पत्ते कुटतात. मी गावाजवळचा डोंगर गाठते. कोणाला सांगितलं नव्हतं हं हे. त्यामुळे झालं काय, गिटारवाल्याने उठवलं, की हिचं गावोगावी प्रकरण आहे. माझं! या वयात, या गुडघ्यांनिशी! मी खोडून काढलं का? मुळीच नाही. उलट केसात अडकलेली काडी तशीच ठेवून परत यायचे. इज्जत वाढली हो माझी! आधी गाडीत चाकावरची सीट मिळायची, मग आपसूक खिडकी मिळायला लागली.

बाईंना मात्र राहवेना. एक दिवस माझ्या मागोमाग चढल्या— हां, म्हणजे चढल्या एकदा. मघाशी म्हटलं ते… अहो एकदा म्हणजे काही रोज नाही. ऐका तर. वर आल्या, घामाघूम, आणि झुडपांमागे बघायला लागल्या. ‘कुठे आहे तो?’ ‘कोण बाई?’ ‘तो!’ मी रेडिओ दाखवला. इतकी निराशा मी कोणाच्या तोंडावर पाहिली नाही. ‘याच्यासाठी?’ मग बसल्या, पाय दाबत. मग कंटाळल्या. मग म्हणाल्या, ‘दे इकडे, मी बोलते.’ परवानावाला शेजारी असला की दुसऱ्याने बोललेलं चालतं, दिला माईक. आणि नेमक्या त्याच वेळी काकू आल्या.

काकू कोण ते सांगायचं राहिलं. काकू म्हणजे आमच्या या जगातलं कडक काम. कोणी कुठल्याही डोंगरावर चढो, काकू घरात बसून त्याला शोधून काढणार. बाकीचे लोक कसे, आवाज धड येत नसला तरी ‘पाच-नऊ, झकास’ म्हणून मोकळे होतात— पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. काकू नाही. जेवढं ऐकू आलं तेवढंच सांगणार. पण ते सांगून झालं की विचारणार, ‘जेवलीस का?’ रिवाजात नाही बसत ते, पण विचारणारच. तर बाई बोलल्या. कशा? हॉलच्या शेवटच्या रांगेला पोचवायचंय अशा, माईक दातांना लावून. आणि तिकडून काकू एकदम शांतपणे, ‘तीन-दोन. शब्द फाटतायत. पुन्हा सांगा.’ दादा, त्या बाईला आयुष्यात कोणी ‘ऐकू येत नाही’ म्हटलेलं नाही! मी तोंडात रुमाल कोंबला. म्हटलं, आता फेकतात माईक दरीत. नाही फेकला. पांढऱ्याफटक पडल्या. माईक माझ्या मांडीवर ठेवला, हळूच, अंडं ठेवावं तसा. आणि खाली उतरल्या. गाडीत चढायच्या आधी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘ती माझी आई आहे. कोणाला बोललीस तर तुझा तो बाजा उचल आणि घरी जा.’

—अगं आई. हे मी तुम्हाला का सांगितलं? विसरा. नाही, असं करा, विसरू नका, अर्धं सांगून ठेवलं तर उरलेलं तुम्ही मनचं जोडाल आणि ते आणखी वाईट असेल. पण त्या मॅनेजरला नाही हं. शपथ? बरं.

काकू बंदरावर वायरलेसला होत्या. वादळात सापडलेल्या बोटींशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचा, वाट सांगायची, हे काम. पुढे घरातपण सेट बसवला. मग घरात मुलगी गायला बसली की आई कानाला हेडफोन लावून हात वर करणार— ‘हळू. कोणीतरी अडचणीत आहे.’ सगळं लहानपण असं. मुलीने पहिला मोठा कार्यक्रम केला, आईसाठी खुर्ची राखून ठेवली. आई आली नाही. समुद्र खवळला होता, ती ड्यूटी सोडून उठणार कशी? मुलगी घरी जाऊन म्हणाली, ‘तुला बोटी जवळच्या.’ आणि काकू, थकलेल्या, झोप नाही, बोलून गेल्या— ‘तुझ्या गाण्याने एक तरी बोट किनाऱ्याला लागली का?’ झालं. मुलीने बॅग भरली. ती गेली ती गेली. मधे कितीतरी वर्षं. मला हे दोघींनीही सांगितलंय, वेगवेगळं, आणि गंमत म्हणजे दोघींच्या सांगण्यात शब्दाचा फरक नाही. दोघींना ते वाक्य पाठ आहे.

पण मी सांगत होते ते पुढचं. त्या दिवसानंतर प्रत्येक गावात बाईच माझं दार वाजवायला लागल्या. ‘काय गं, इथे डोंगर आहे का?’ ज्यांना पायरी चढायला हात लागतो त्या! हो, हो, एकदाच नाही चढल्या, बऱ्याचदा चढल्या, पकडलंत मला, घ्या. वर यायचं, काकू सापडेपर्यंत माईकला चिकटून बसायचं, आणि सापडल्या की आवाज बदलून बोलायचं काय? हवामान! ‘इथे वारा आहे.’ ‘इथेपण आहे.’ ‘इथे ढग आलेत.’ ‘छत्री आहे का?’ ‘आहे.’ ‘जेवलीस का?’ ‘हो.’ संपलं. मग नाक शिंकरत उतरायचं, सर्दी झाली म्हणे डोंगरावरच्या वाऱ्याने. आणि मग एकदा मी एकटीच वर होते, तेव्हा काकू मला म्हणतात, ‘त्या तुझ्या मैत्रिणीला सांग, माईक जरा लांब धर. लहानपणापासून असंच, चमचासुद्धा घशापर्यंत घालायची.’ मी म्हटलं, काकू, तुम्ही ओळखलंत? ‘पहिल्याच शब्दाला. तिला कळू देऊ नकोस, येणं बंद करेल.’ म्हणजे बघा! मुलीला माहीत, आईला माहीत, दोघींनी माझ्या तोंडाला कुलूप घातलेलं, आणि मी मध्ये माझ्याच अकॉर्डियनसारखी, दोन्हीकडून ओढली जातेय. मजा आली नाही असं म्हणू? फार आली. आणि रेडिओवर काही खाजगी नसतं हं, कोणीही ऐकू शकतं. सगळी हौशी मंडळी कान लावून बसलेली असायची. एका गृहस्थाने तर मला मुद्दाम गाठून विचारलं, ‘काय हो, हवामानाच्या पुढे सरकलं का काही?’

आता हे गाव. हो, हेच ते बंदर. दौरा ठरताना या गावाचं नाव निघालं की दरवेळी बाईंचा घसा बसायचा, आणि गाव गळायचं. यंदा मॅनेजर नवीन, त्याला काय ठाऊक? पोस्टरं लागली, तिकिटं संपली. काल तुमच्या गाडीत बघितलंत ना, गाव आलं तशा बाई खुणेने बोलायला लागल्या! मफलर काय, गरम पाणी काय. डॉक्टर म्हणाला, घशात काहीही नाही. पण नाही गाणार म्हणजे नाही गाणार. आणि आजचा कार्यक्रम गेला तर पुढची गावंपण जाणार, म्हणजे तुम्ही, मी, ड्रमवाला, सगळे घरी. म्हणून आज सकाळी मी म्हटलं, बाई, वर हवा मोकळी आहे, चला— आता तोंड असं करू नका. हो, होत्या इथे. आता नाहीत, हे तर खरं ना? मी खोटं कुठे बोलले?

तो मनोरा दिसतो का, समुद्राच्या अंगाला? निळं फाटक, त्या घराच्या गच्चीवर. काकूंचं घर. वर आल्यापासून बाई त्या मनोऱ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. माईक पुढे केला तर मान हलवली— नको, फार जवळ आहे. इतक्या जवळून आवाजात लपायला जागाच नाही ना! मग मी म्हटलं, अरे देवा, बॅटरी संपली. आणि म्हटलं, या गावात ही बॅटरी एकाच घरात मिळेल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. ‘तू खोटारडी आहेस,’ म्हणाल्या. खणखणीत आवाजात, दादा! घसाबिसा काही नाही! मी म्हटलं, हो बाई. मग बऱ्याच वेळाने उठल्या आणि त्या पलीकडच्या वाटेने उतरल्या. डोक्यावर टोपी नाही, डोळ्यांवर गॉगल नाही. त्यांच्या मागे जायचं मनात आलं होतं माझ्या, पण नाही गेले. —दिवा? रेडिओवर कुठला दिवा? हां, तो… तो लागलाय खरा. बॅटरी धडधाकट आहे हो, कालच भरलीय.

फाटक उघडलेलं दिसलं मला. मग मिटलं. त्यानंतर काही नाही. बराच वेळ झाला आता. तुम्ही जाऊन दार ठोठावाल, म्हणून तर मी तुम्हाला बसवून ठेवलंय, दुसरा चहा घ्या. काय बोलत असतील? भांडत असतील. भांडू देत. हवामानापेक्षा बरं. किंवा काकूंनी दारच… नाही, उघडलं ना फाटक, मी पाहिलं. तसं माझं काय, नाही का? मी मध्ये निरोप्या. आता त्यांना मध्ये कोणी लागणार नाही. चांगलंच आहे. नाही, म्हणजे माझं कोणी नाही असं नव्हे, भाऊ आहे, भाच्या आहेत, फोन करतात, आत्या कुठल्या गावात आहेस म्हणून विचारतात. मी म्हणते बरी आहे, ते म्हणतात बरं. काकूंना तसं चालायचं नाही. मी बरी आहे म्हटलं की त्या म्हणायच्या, नाहीस, आज आवाज खाली आहे, काय झालं सांग. एकट्या त्यांनाच ते कळायचं. आता स्वतःची मुलगी घरात आल्यावर माझ्या आवाजाकडे… जाऊ दे. डोळ्यात काहीतरी गेलं. वारा आहे ना वर. तुमच्या नाही गेलं? जाईल.

शू! गप्प. गप्प बसा, खरखर झाली. —हो, ऐकतेय. ऐकतेय काकू, बोला… कोण? बाई?… हो बाई… हो… नाही, कोणी नाही इथे, मी एकटीच आहे… काय म्हणालात? पुन्हा सांगा, नीट आलं नाही. —दादा, नीट आलंय, मला पुन्हा ऐकायचंय, हात लावू नका— हां, बोला… ‘आम्ही निघतोय.’ ऐकलंत का? आम्ही! आम्ही म्हणाल्या! —हो बाई. हो, लगेच. गाडी फाटकाशी येतेय.

काय बघताय माझ्याकडे? उठा! कप ठेवा तिथेच. पलीकडच्या रस्त्याने गाडी आणा, त्यांच्या दारात. पुढची सीट मोकळी ठेवा, काकूंना गुडघे वाकवून बसता येत नाही. ड्रमवाला कुरकुरला तर म्हणावं, ड्रम मांडीवर घे. मी येते मागून, पसारा आवरून, येते हो. मॅनेजरला? त्याला काय सांगायचं ते वाटेत ठरवा, तुम्हाला जमेल, चेहरा भोळा आहे तुमचा. आणि ते डोळे पुसा आधी. भला मोठा माणूस, उतारावरून गाडी न्यायचीय. जा, पळा.