दोन बोटं पाणी

…आणि वर बाटली भरून घेऊन गेला! माझ्या डोळ्यांदेखत! नाही, तुम्हीच सांगा, माणूस दुसऱ्याच्या घरी येतो, माशांच्या टाकीपुढे वाकतो, "हं… हं…" करतो आणि जाताना टाकीतलं पाणी बाटलीत भरून खिशात घालतो. "तपासून सांगतो" म्हणे! पाण्यात काय तपासणार? पण दादा गेल्यापासून आमच्या घरात जो येतो तो काहीतरी घेऊनच जातो. एकाने छत्री नेली, एकाने ड्रिल मशीन नेलं, 'आठवण म्हणून'. ड्रिल मशीन! आठवण म्हणून!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तीन महिने झाले, सकाळी अर्धा चहा पिऊन उठला आणि… असो. असो म्हणतोय मी, पण असो कसलं, डोंबल! मागे काय राहिलं? वहिनी, मी आणि हॉलमध्ये सहा फूट समुद्र. खरंच समुद्र! नळाच्या पाण्यातली मासोळी नव्हे, खाऱ्या पाण्याची टाकी. आत दगड, दगडांवर पोवळी, पोवळ्यांत मासे, खालच्या कपाटात पंप, नळ्या, फेस काढायचं यंत्र, आणि सगळ्याचा दिवसभर घूंऽऽऽ असा आवाज. मी एकदा म्हटलं, "दादा, झाडं छान लावलीस." तर कपाळाला हात लावून म्हणाला, "झाडं नाहीत रे गाढवा, जनावरं आहेत ती!" आता जनावर जागेवरून हलत नाही हे मला कसं कळणार?

तर दादा गेल्यावर आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं, टाकीतलं पाणी कमी होतंय. रोज! मी काचेवर पेनाने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या खाली. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. चार दिवसांत दोन बोटं! फरशी कोरडी, कपाट कोरडं, नळ्या चाचपून पाहिल्या, त्याही कोरड्या. मग पाणी जातं कुठे?

पहिला संशय वहिनींवर. हो, खोटं कशाला बोलू? कारण त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "भावजी, ही टाकी आपण लहान करू या. दोन फुटांची. दोन मासे, चार दगड, बस."

"म्हणजे दादाला लहान करायचं?"

"अहो, मी दिवसभर शाळेत शिकवते. तुम्ही चार दिवस घरी, चार दिवस गायब. कोण बघणार हे?"

"मी बघीन!"

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मागे त्यांनी मला कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला सांगितलं होतं आणि ती वाळली होती ना, तेव्हा पाहिलं होतं तसं.

दुसरा संशय हा बाटलीवाला. म्हणजे दादाला मासे, दगड, मीठ देणारा दुकानदार. मासेवाला म्हटलं की लोक पिशवी घेऊन येतात म्हणून सगळे त्याला टाकीवाले म्हणतात. चष्मा कायम कपाळावर, आणि शोधत असतो खिशात! असल्या माणसावर विश्वास ठेवायचा? वहिनींनी बोलावलं म्हणून आला, आणि आल्या आल्या दगड कुरवाळत म्हणाला, "धाकटे, या दगडांतच सगळा जीव आहे हो. बारा वर्षं मुरलेले दगड!" अरे, मुरलेले ना? मग डोळा कशाला ठेवतोस? आणि तो पिवळा मासा, ताटलीएवढा, दादाचा लाडका, त्याच्याकडे पाहून काय म्हणावं? "याला लहान टाकी पुरायची नाही. हा माझ्याकडे राहील." बघा! वहिनींना टाकी लहान हवी, याला मासा हवा, आणि पाणी रोज कमी! मी काय दुधखुळा आहे?

म्हटलं, चोर सापडेल तेव्हा सापडेल, आधी दादाचा समुद्र भरून काढू. आता समुद्रात काय ओतायचं? समुद्रच ना! कपाटात मिठाचा डबा होता. बादलीत पाणी घेतलं, दादा ढवळायचा तसं मीठ ढवळलं आणि रेघेपर्यंत ओतलं. दुसऱ्या दिवशी परत कमी, परत ओतलं. वहिनींनी एकदा विचारलं, "भावजी, तुमचे दादा साधं पाणी घालायचे ना हो? तो निळा कॅन…" मी म्हटलं, "वहिनी, समुद्र कधी गोडा असतो का?" त्या वह्या तपासायला निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो!

पाच आठवडे मी जिंकत होतो. मग पोवळी मिटायला लागली. एकेक मूठ वळल्यासारखी. पिवळा मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला, आणि मी काचेसमोर गुडघ्यांवर बसून, "अरे, काय झालं, काय झालं रे तुला…" दादाचा तो अर्धा चहा आठवला हो मला. तेव्हाही मी हेच विचारत बसलो होतो.

मग धावत गेलो, पायांत चपला नाहीत, थेट टाकीवाल्याच्या दुकानात, आणि त्याला ओढत आणलं. त्याने खिशातून दुर्बिणीसारखी नळी काढली, तिच्यावर टाकीतल्या पाण्याचा थेंब सोडला, उजेडाकडे धरून पाहिलं. परत पाहिलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला, पहिल्यांदा!

"धाकटे, तुम्ही मासे पाळताय की खारवताय?"

"म्हणजे?"

"कमी झाल्यावर काय ओतलंत?"

"खारं पाणी. रोज. कारण तुम्ही रोज चोरता!"

म्हणालो मी! तोंडावर! वहिनींनी डोक्याला हात लावला. तो मात्र चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "पाणी हवेत जातं, हो. वाफ होऊन. पण मीठ जात नाही, ते मागेच राहतं. म्हणून वरून साधं पाणी घालायचं. तुम्ही मिठावर मीठ घातलंत."

शाळेत हा धडा असतो म्हणे. असेल. तो शिकवला त्या दिवशी मी मागच्या भिंतीवरून उडी मारली असणार, कारण पुढच्या दारात दादा उभा असायचा.

बाटलीत त्याने हेच तपासायला पाणी नेलं होतं. पहिल्याच वेळी त्याने फोन केला होता, मीठ चढतंय म्हणून. चार वेळा केला. चोराचा फोन कोण उचलणार? मी कट केला.

मी वहिनींना म्हटलं, "करा लहान."

त्या म्हणाल्या, "मला काय हौस आहे का हो? रोज त्या घूंऽऽऽ आवाजात मला वाटतं, ते टाकीपुढे बसलेत. पण माशांना मरू द्यायचं का त्यासाठी?"

आठ दिवस थेंबाथेंबाने मीठ उतरवलं. पिवळा जगला, दुकानात गेला. मी रोज काचेतून डोकावतो. टाकीवाले आतून ओरडतात, "धाकटे, आत या, काच पुसून पुसून कंटाळलो!" घरी दोन फुटांची टाकी, चार दगड, दोन नारिंगी मासे, एक पोवळं. तेही पाच दिवसांनी उघडलं. वहिनींनी मला हाक मारून दाखवलं, आणि मग आम्ही दोघंही वेगवेगळ्या खोल्यांत गेलो.

आता म्हणाल, सुटलास. कसला सुटतोय! टाकीवाले म्हणतात, "लहान टाकीत मीठ पटकन चढतं. रोज पाणी घालायचं. सकाळी सहाला. एक दिवस चुकायचं नाही." आणि ते दोन मासे, बोटाएवढे, काचेला तोंड लावून वाट बघत उभे! दादा बारा वर्षं माझं पांघरूण ओढून ओरडत होता, "ऊठ रे, सकाळी उठत जा!" एकदाही ऐकलं नाही त्याचं. आता मला दाट संशय आहे, मासे, मीठ, टाकी, सगळा डाव त्याचाच होता… पण आता विचारणार कुणाला? उठतो झालं.